पाहुण्याचा धर्म

परगावी जाणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. काशीयात्रा, पंढरीची वारी, कुलदेवतेचे दर्शन, लेकीबाळींचा समाचार अशा कितीतरी निमित्तांनी आपण घराचा उंबरठा ओलांडतो. घरी आलेल्या अतिथीशी कसे वागावे, याविषयी आपल्या धर्मग्रंथांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. तैत्तिरीय उपनिषदाने तर अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला अतिथीस देवासमान मानण्याची आज्ञा केली. यजमानाचे कर्तव्य अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मनावर ठसलेले आहे. परंतु जो अतिथी होऊन जातो, त्याचे काय? त्याच्यावर काही बंधन आहे की नाही? दुसऱ्याच्या गावात पाऊल टाकताना त्याने कोणत्या नात्याने टाकावे? या प्रश्नाचा विचार त्या मानाने आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. प्रवासाची साधने वाढली, आपली मुलेबाळे सातासमुद्रांपलीकडे जाऊन राहिली, तरी हा प्रश्न सुटला नाही. उलट तो अधिक निकडीचा झाला आहे.

तो नीट समजून घेण्यासाठी वाचकांनी क्षणभर एका दूरच्या खेड्याकडे आणि तेथून माळव्याकडे माझ्याबरोबर यावे. या दोन मुलखांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सकृद्दर्शनी वाटत नाही. पण तो आहे, आणि धार व देवास येथील मराठी माणसाच्या दृष्टीने तर चांगलाच निकटचा आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिणेस, इंग्लंडच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या डम्फ्रीसशायर परगण्यात एस्क नावाची एक नदी वाहते. तिच्या खोऱ्याला एस्कडेल म्हणतात. लँगहोम हे तिथले बाजाराचे गाव. तेथून नदीच्या कडेकडेने वर गेले की वेस्टरकर्क नावाचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या आधाराने नांदणाऱ्या वाड्यावस्त्यांचा समूह लागतो. बेंटपाथ ही त्यातली मुख्य वस्ती. एक चर्च, नदीवर एक दगडी पूल, मोजकी घरे, आणि चहूकडे मेंढ्यांच्या चरण्याने गुळगुळीत झालेल्या हिरव्या टेकड्या. एवढाच गावाचा पसारा. वाटसरूने घोडा न थांबवता पुढे जावे, असे हे ठिकाण.

या लहानशा पॅरिशमध्ये अठराव्या शतकात बारा वर्षांच्या अंतराने दोन मुले जन्माला आली. पहिला टॉमस टेलफर्ड. १७५७ साली ग्लेनडिनिंग येथे एका धनगराच्या घरी त्याचा जन्म झाला. काही महिन्यांतच बाप वारला. विधवा आईने मोलमजुरी करून त्याला वाढवले. तो गवंडीकाम शिकला, आणि पुढे ब्रिटनमधील अनेक रस्ते, पूल व कालवे यांचा थोर स्थापत्यकार झाला. वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर १८२६ साली पुरा झालेला झुलता पूल ही त्याचीच करणी. दुसरा जॉन माल्कम. १७६९ साली बर्नफूट येथे खंडाने शेती करणाऱ्या एका कर्जबाजारी कुटुंबात तो जन्मला. सतरा भावंडांचे ते घर. चौदाव्या वर्षी, १७८३ साली, तो कंपनीच्या चाकरीत मद्रासेस उतरला. नेमणुकीच्या वेळी संचालकांनी त्या पोराला विचारले, की वाटेत हैदरअली भेटला तर काय करशील? तेव्हा तलवार उपसून त्याचे डोके उडवीन, असे उत्तर त्याने दिल्याची आख्यायिका आहे. ज्याने आपले खोरेही पुरते ओलांडले नव्हते, त्या मुलाच्या मनात परक्या मुलखाविषयी पहिला विचार आला तो हा. दोष त्या बालकाचा नव्हे. ज्या हेतूने त्याला धाडले जात होते, त्या हेतूचा तो होता.

हाच माल्कम पस्तीस वर्षांनी माळव्याचा भाग्यविधाता झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांचा पराभव झाला. त्या लढाईत तो अग्रभागी होता. पुढल्या वर्षी जून महिन्यात दुसरा बाजीराव अशीरगडाजवळ त्याच्याच स्वाधीन झाला. या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यात झालेला, हे येथे आठवते. पेशव्याला सालीना आठ लाखांची नेमणूक देण्याचे माल्कमने कबूल केले, आणि त्याबद्दल वरिष्ठांची नाराजीही सोसली. १२ डिसेंबर १८१८ रोजी देवासच्या पवारांशी आणि १० जानेवारी १८१९ रोजी धारच्या पवारांशी तह झाले. देवासला १७२८ पासून तुकोजी व जिवाजी या दोन भावांच्या दोन गाद्या एकाच नगरात नांदत होत्या. धारचे संस्थान तर शिंदे, होळकर आणि पेंढारी यांच्या धाडींनी जवळजवळ नामशेष झाले होते. या तहांमुळे ही राज्ये टिकली, गमावलेल्या मुलखापैकी काही परत मिळाला आणि ओस पडलेल्या खेड्यांत पुन्हा चुली पेटल्या. हे सत्य आहे, आणि ते नाकारण्यात पुरुषार्थ नाही.

माल्कमच्या वागण्याविषयी जे नमूद आहे, तेही मनाला भिडणारे आहे. मांडवगडाच्या वाटेवर नालछा नावाचे गाव लागते. तेथील एका जुन्या महालाची डागडुजी करून त्याने आपला मुक्काम केला. चारही दरवाजे उघडे ठेवून बसावे आणि कुणब्यापासून भिल्ल नाईकापर्यंत कोणीही सरळ आत यावे, ही पद्धत त्याने पाडली. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात पाटील, चौकीदार, जमीनदार, भिल्ल, सावकार यांचे बारकाईने वर्णन आहे. अहल्याबाई होळकरांविषयी त्याने ठिकठिकाणी चौकशी केली. हरएक मुखातून तीच स्तुती ऐकून त्याला विस्मय वाटला, आणि त्याने ती प्रांजळपणे लिहून ठेवली. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला अहल्याबाईंची ओळख झाली ती मोठ्या अंशी त्याच्या लेखणीने. हाताखालच्या अधिकाऱ्यांनी लोकांशी आदराने वागावे, त्यांच्या चालीरीतींत ढवळाढवळ करू नये, अशी लेखी ताकीदही त्याने दिली होती.

मग अशा माणसाला आपण उत्तम पाहुणा म्हणावे काय? विचाराची खरी अडचण येथे आहे. त्याला दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्याला उपकारकर्ता ठरवून हात जोडणेही सोपे आहे. दोन्ही उत्तरे आळशी मनाची आहेत.

माल्कमचे दरवाजे उघडे होते, यात शंका नाही. परंतु ते दरवाजे त्याचे कसे झाले? नालछाचा महाल त्याच्या वाडवडिलांनी बांधलेला नव्हता. त्या दारातून आत येणारा मनुष्य भेटीस येत नसे, अर्जदार म्हणून येत असे. पाहुणा दुसऱ्याच्या दारात उभा राहतो. येथे गावचा धनी पाहुण्याच्या दारात उभा राहिला होता. नाते उलटे झाले होते. आणि नाते उलटे झाले की माणूस कितीही दयाळू असो, त्याला गावाचे एक अंग दिसतच नाही. जे त्याच्यापाशी काही मागायला आले नाहीत, ते त्याला दिसत नाहीत.

धारचेच पाहा. दुसऱ्या आनंदराव पवारांच्या मागे त्यांची विधवा मैनाबाई हिने त्या भयंकर काळात एकटीने राज्य राखले. मोठमोठ्या सरदारांच्या फौजा दारात येत असता तिने धीर सोडला नाही. गादी चालावी म्हणून दत्तक घेतला. १८१९ च्या तहात वाचवायला धारचे राज्य शिल्लक होते, याचे श्रेय या बाईच्या चिकाटीला आहे. माल्कमच्या काळच्या इंग्रजांनी तिच्या धैर्याची वाखाणणी केली, हेही खरे. पण राज्य कोणी वाचवले असे विचारले की नाव मात्र तहावर सही करणाऱ्या साहेबाचे पुढे येते. जो परत देतो त्याची कीर्ती होते; ज्याने गमावू दिले नाही, तो विस्मृतीत जातो. आणि एकाच्या दयेवर जे मिळते, ते दुसऱ्याच्या रागाने जाऊ शकते. १८५७ च्या उठावानंतर हेच धार संस्थान कंपनीने जप्त केले, आणि १८६० साली ते पुन्हा 'बहाल' झाले. घर ज्याचे त्यालाच बहाल करणारा मनुष्य पाहुणा नव्हे. माल्कमचा न्याय मोठा होता, पण तो धन्याचा न्याय होता. धन्याचा चांगुलपणा आणि पाहुण्याचा चांगुलपणा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

याच माळव्यात पुढे आणखी दोन परके आले. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९१२ च्या अखेरीस प्रथम देवासला आले आणि १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. तेथील गोकुळअष्टमीच्या उत्सवात ते अनवाणी पायांनी, देशी पोशाखात सामील झाले. तो गलबला, ती अव्यवस्था, तो गुलाल त्यांच्या सुसंस्कृत रुचीला मानवला नाही. पण या गोंधळाच्या मुळाशी जी भक्ती आहे ती आपल्याला पुरती कळत नाही, तरी ती खोटी नव्हे, एवढे त्यांनी ओळखले. त्यांच्या सुप्रसिद्ध कादंबरीतील देवळाचा भाग या अनुभवातून उतरला. १९५३ साली त्यांनी देवासवर लिहिलेल्या पुस्तकाला नाव दिले तेही तेथील देवीच्या टेकडीचे. फॉर्स्टर धनी म्हणून आले नाहीत, महाराजांचे नोकर आणि मित्र म्हणून आले. त्यांचे हसणे कधीकधी टोचते. तरीही आपल्याला न समजलेल्या गोष्टीपुढे थांबण्याची नम्रता त्यांच्यापाशी होती. पाहुणेपणाची ही पहिली पायरी होय.

दुसरे परके म्हणजे पंडित कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले, मुंबईस प्रोफेसर देवधरांच्या हाताखाली शिकलेले हे गायक १९४८ साली देवासला आले ते गाण्यासाठी नव्हे. क्षयाने त्यांना ग्रासले होते, आणि माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना तेथे आणले होते. गाण्याची सक्त मनाई झालेला गवई म्हणजे सर्वस्व हरवलेला मनुष्य. देण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरले नव्हते. म्हणून ते ऐकू लागले. दळणकांडण करणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली गाणी, दारावरून जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने कानावर पडत राहिली. वर्षांमागून वर्षे पडल्या पडल्या ऐकलेले ते सूर त्यांच्यात मुरले. पुढे रोग हटला आणि कंठ मोकळा झाला, तेव्हा त्यांच्या गळ्यातून माळवा बोलू लागला. लोकधुनांतून त्यांनी नवे राग उभे केले, 'अनूपरागविलास' हा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध केला, आणि कबीर व इतर संतांची निर्गुणी पदे मैफलीत सन्मानाने आणली. बरे झाल्यावर मुंबईस परतण्याची वाट मोकळी होती. ते परतले नाहीत. १९९२ साली देवासलाच त्यांनी देह ठेवला.

माळव्याचा अभ्यास माल्कमनेही केला आणि कुमारजींनीही. एकाने गावोगावची माहिती गोळा करून ग्रंथ लिहिला. तो ग्रंथ आजही उपयोगी आहे. परंतु माळवा पाहून माल्कम बदलला असे म्हणता येत नाही. बदलला तो माळवा. कुमारजींच्या बाबतीत गाव जसेच्या तसे राहिले आणि बदलला तो आलेला मनुष्य. मला वाटते, खऱ्या पाहुण्याची खूण हीच. आपल्या कोकणीत पाहुण्याला 'सोयरो' म्हणतात, आणि मराठीत सोयरा म्हणजे नातलग. दोन भगिनीभाषांनी मिळून जणू एक सिद्धांत सांगितला आहे, की पाहुणा होऊन गेल्यावर ज्याचे काही नाते जडले नाही, तो पाहुणा झालाच नाही.

आता हीच कसोटी आपण स्वतःला लावून पाहू. समजा, धारचा किंवा देवासचा एखादा मराठी तरुण नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये आहे आणि एखाद्या रविवारी तो वेस्टरकर्कला गेला. तेथे त्याने काय पाहावे? लँगहोमच्या डोक्यावर व्हिटा नावाची टेकडी आहे. तिच्यावर सुमारे शंभर फूट उंचीचा एक दगडी स्तंभ आहे. १८३५ साली त्याची पायाभरणी झाली. तो जॉन माल्कमच्या स्मरणार्थ आहे. खोऱ्यात कोठूनही तो दिसतो. तरुणाच्या मनात दोन विकार उठण्याचा संभव आहे. एक, आमच्या पूर्वजांच्या पराभवावर उभारलेला हा खांब, असा संताप. दुसरा, केवढा मोठा मनुष्य आमच्या गावी येऊन गेला, असा दिपून गेलेला भाव. दोन्ही विकार त्याला त्या खांबाशीच खिळवून ठेवतील, आणि गाव पाहावयाचे राहून जाईल.

त्याने टेकडी उतरून बेंटपाथला जावे. तेथे एक लहानसे ग्रंथालय आहे. १७९३ च्या सुमारास, जवळच अँटिमनी धातूची खाण चालत असताना, तिथल्या खाणकामगारांसाठी ते सुरू झाले. दिवसभर भूगर्भात राबलेल्या माणसांनी संध्याकाळी दिव्याशी बसून वाचावे, म्हणून. १८३४ साली टेलफर्ड वारला तेव्हा त्याने या ग्रंथालयासाठी हजार पौंड ठेवले होते. सामुद्रधुनीवर पूल बांधणाऱ्या त्या मनुष्याला आपला धनगर बाप, आपली विधवा आई आणि वाचायला पुस्तक न मिळालेली मुले शेवटपर्यंत आठवत होती. त्याच खोऱ्याने परमुलखावर राज्य करणारा एक पुत्र दिला आणि घरच्या माणसांच्या हाती पुस्तक देणारा दुसरा. गाव दोघांचे आहे. एकट्या माल्कमवरून वेस्टरकर्कची किंमत करणे हा जितका अन्याय, तितकाच पेंढाऱ्यांवरून माळव्याची किंमत करणे हाही अन्याय होय.

लँगहोमला दरवर्षी जुलै महिन्यात घोडेस्वार गावाच्या सामाईक जमिनीची सीमा फिरून येतात. अठराव्या शतकात न्यायालयाने त्या जमिनीवरचा गावाचा हक्क निश्चित केला, त्याची ही आठवण. शिवेवरच्या देवाला नारळ ठेवणाऱ्या आपल्या माणसाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. २०२१ आणि २०२२ साली याच लँगहोमच्या लोकांनी वर्गणी व देणग्या जमवून एका बड्या उमरावाच्या मालकीचे दहा हजार एकरांहून अधिक माळरान विकत घेतले. आपल्याच डोंगरावर आपण परके असण्याचे दुःख त्यांनाही होते, हे कळल्यावर संतापाची धार आपोआप बोथट होते.

आणि त्याच खोऱ्यात आणखी वर, एस्कडेलम्यूर येथे, तरुणाला एक बौद्ध विहार दिसेल. तिबेटातून परागंदा होऊन हिंदुस्थानमार्गे तेथे पोहोचलेल्या चोग्याम त्रुंग्पा आणि अकोंग या दोन लामांनी १९६७ साली तो स्थापिला. पूर्वेकडची माणसे माल्कमच्या खोऱ्यात गेली ती फौज घेऊन नव्हे. घर गमावून गेली. त्यांनी तेथे दिवा लावला आणि तो आजही तेवतो आहे.

हे सर्व दूरदेशीचे बोलणे झाले. पण या मासिकाचे वाचक बहुतेक देवस्थानांशी बांधलेल्या घरांतले आहेत, म्हणून अखेर आपल्या अंगणात येणे प्राप्त आहे. सोळाव्या शतकात श्रीमंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आले, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. आपले देवच परगावी पाहुणे म्हणून गेले. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होता. तेथल्या गावांनी त्यांना जागा दिली, डोंगरउतार दिले, पाणी दिले. आज आपण मुंबईहून वा पुण्याहून मोटारीने जातो, अभिषेक करतो, प्रसाद घेतो, आणि दिवे लागण्यापूर्वी परततो. त्या गावची ग्रामदेवता कोणती, देवळाची फुले कोणाच्या कुळागरातून येतात, तळीचा गाळ कोण काढते, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? अगोदर एक देणगी, मग तिची फरशी, आणि मग त्या फरशीच्या बळावर गावात आवाज चढवणे, हे दृश्य अगदीच अपरिचित नाही. कुलदेवतेच्या गावी आपण भक्त म्हणून जातो असे आपण समजतो. पुष्कळदा आपण धनी म्हणून जातो.

पाहुण्याचा धर्म फार कठीण नाही. प्रथम ऐकावे, मग बोलावे. जे कळले नाही त्याला हसू नये. जो आपल्यापाशी काही मागायला येत नाही, त्याची विचारपूस आपण होऊन करावी. द्यावयाचे असेल तर टेलफर्डसारखे द्यावे, गावाची मुले शहाणी होतील असे. आपल्या नावाची सावली गावावर पडेल असे नव्हे. आणि निघताना आपण जसे आलो तसेच निघालो, की या गावाने आपल्यात काही घडवले, एवढे मनाशी तपासून पाहावे.

अतिथीला देव मानावे, हे वचन यजमानासाठी आहे. पाहुण्याने ते स्वतःवर ओढून घेऊ नये. त्याने एवढेच जाणावे, की समोरच्या उंबऱ्याआड जो राहतो, त्याच्या घरीही देव आहे, आणि तो तेथे आपल्या आधीपासून आहे.